हाडांच्या वॉर्डातली एमएस्सी

मी पन्नाशीत एमएस्सी नर्सिंगला बसले याला कारण झालं खुब्याचं एक मोडलेलं हाड. हाड माझं नव्हतं, जाधव गुरुजींचं होतं. डॉक्टरांनी ते स्क्रू घालून कधीच जोडलं, पण त्याचे परिणाम माझ्या घरात अजून चालू आहेत, म्हणून ही हकिगत सांगायला घेतली.

शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात मी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. ज्यांनी हा वॉर्ड पाहिला नाही त्यांना आधी थोडं समजावून सांगायला हवं. मेडिसिनच्या वॉर्डातला पेशंट आजारी असतो. त्याला बोलायचं त्राण नसतं, तो गप पडून राहतो. हाडांच्या वॉर्डातला पेशंट आजारी नसतो, मोडलेला असतो. ताप नाही, खोकला नाही, भूक सपाटून लागते आणि जीभ शाबूत असते. फक्त उठता येत नाही. अशी पंचवीस-तीस धडधाकट माणसं आठवडेच्या आठवडे एका हॉलमध्ये आडवी ठेवली की त्यांना दुसऱ्याच्या आयुष्यात लक्ष घालण्यावाचून काही उद्योग उरत नाही. आणि त्या हॉलमध्ये सगळ्यांना दिसेल असं, सतत हिंडतं फिरतं आयुष्य एकच असतं, ते म्हणजे सिस्टरचं. माझ्या डब्यात आज मेथी का शेपू, मी घरून भांडून आलेय का, नवी चप्पल चावते का, हे मला कळायच्या आधी वॉर्डाला कळायचं.

इन्चार्जचं काम म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं कमी आणि राखणदारी जास्त. कोणाची पाठ लाल व्हायला लागलीय, कोण प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवतोय, कोणाच्या मेव्हण्यानं पलंगाखाली कोंबडीचा रस्सा लपवलाय, यावर नजर. सगळ्यात मोठी राखणदारी ट्रॅक्शनची. मांडीचं किंवा खुब्याचं हाड मोडलं की भोवतालचे स्नायू आखडतात आणि मोडकी टोकं एकमेकांवर चढतात. तसं होऊ नये म्हणून पायाला दोरी बांधायची, ती पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडायची आणि तिला वजन लटकवायचं. ते वजन अधांतरी राहिलं पाहिजे. पण नातेवाइकांना ते बघवत नाही. कन्नड तालुक्यातल्या एका पोराची मावशी रोज भेटीच्या वेळेला यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून ते वजन मांडीवर घ्यायची. वजन मांडीवर, गप्पा गावाकडच्या. मी धरलं तेव्हा म्हणाली, "लेकराचा पाय वढायलंय ना मेलं. मी जरा धरलं त काय बिघडलं?" तिला समजावता समजावता माझी ड्युटी संपली. दुसऱ्या दिवशी ती शहाण्यासारखी लांब बसली, पण वजनाखाली उशी ठेवून.

अशा वॉर्डात जाधव गुरुजी आले. ते माझ्या माहेरचे, देवगाव रंगारीचे. मी गाव सोडल्यानंतर ते तिथल्या शाळेत हेडमास्तर झाले आणि तिथंच रिटायर झाले, त्यामुळं मला त्यांनी शिकवलं नव्हतं. पण मी गावची लेक म्हटल्यावर मला अगं-तुगं करायचा हक्क त्यांनी पहिल्याच दिवशी घेतला. त्यांचं हाड मोडलं ते स्वतःच्या सत्कारात. जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा घेतला होता. शाल-नारळ झालं, फोटोवाला म्हणाला, गुरुजी, जरा मागं सरका. गुरुजी जन्मभर शिस्तीचे. ते सरकले. स्टेज संपलं होतं. त्या फोटोत म्हणे नुसती हवेतली शाल आली आहे.

साखर वाढलेली असल्यामुळं त्यांचं ऑपरेशन लांबलं आणि ते ट्रॅक्शनवर पडून राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं-उठवलं त्याला असं बांधून ठेवल्यावर तो काहीतरी करणारच होता.

त्याच सुमारास पल्लवी आली. पल्लवी आमच्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात शिकलेली. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा हे तिला मी शिकवलं होतं, तिनं घातलेली चादर परत परत उसकटून. आता ती एमएस्सी करून त्याच कॉलेजात मॅडम झाली होती आणि विद्यार्थिनींना घेऊन माझ्या वॉर्डात यायची. एक दिवस मुली ड्रेसिंग बघत असताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली की सिस्टर, कॉलेजला पलंगापाशी शिकवणारं माणूस पाहिजे आहे, पण एमएस्सी लागते. प्रवेशपरीक्षा निघालीय, तुम्ही बसा.

मी हसले. आमच्या क्षेत्रातल्या पायऱ्या बाहेरच्यांना माहीत नसतात. मी केलं ते जीएनएम, म्हणजे साधा नर्सिंगचा डिप्लोमा. मग माझी पोरगी शाळेत जायला लागल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी केली, तीही मेट्रननं मागं लागून करून घेतली म्हणून. त्याच्यावर एमएस्सी, पूर्ण दोन वर्षं. ज्या वयात माझ्या मैत्रिणी गुडघ्याचे एक्सरे काढत होत्या त्या वयात मी दप्तर घेऊन जायचं, हे मला हसण्यासारखंच वाटलं. पल्लवीनं तरी जाहिरात मोबाइलवर पाठवून दिली. मी ती वाचायला चष्मा शोधत होते, तोवर गुरुजींनी पलंगावरून आख्ख्या वॉर्डाला सांगून टाकलं होतं की आपल्या सिस्टर एमएस्सीला बसणार आहेत.

वॉर्डात लगेच दोन तट पडले. गुरुजींचा तट शिकावं म्हणणारा. विरोधी तटाचे पुढारी सलीमभाई. सलीमभाई क्रांती चौकातल्या स्टँडवर रिक्षा लावायचे. नडगीचा चुरा झालेला, पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या, मुक्काम लांबचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. "सिस्टर, चलती गाडी का गिअर कायकू बदलते?" या वॉर्डात तुमचा शब्द चालतो, डॉक्टरसुद्धा तुम्हाला विचारून राउंड घेतात, आणि तिथं जाऊन काल आलेल्या पोरीला गुड मॉर्निंग म्हणायचं, यात फायदा कोणता? बिनतोड मुद्दा होता. मी घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत होते. पुढं कळलं की त्यांची खरी भीती वेगळीच होती. नवी इन्चार्ज आली तर घरून येणारी त्यांची बिर्याणी बंद होईल.

घरी मी विषय काढला तो नाही म्हणून घ्यायलाच. माझे मिस्टर प्रकाश वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेले, आम्ही बजाजनगरला राहतो. मला वाटलं ते म्हणतील, आता कशाला, आराम कर. मग मी पल्लवीला सांगणार होते की घरून नाही म्हणतात. बायकांना ही सोय आहे. पण प्रकाशनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "करून टाक." एवढंच म्हणून चप्पल घालून बाहेर पडले. कुठं गेले ते मला चार दिवसांनी कळलं.

मी ड्युटीवरून येत होते. कॉलनीच्या गेटवर फ्लेक्स लागलेला. 'बजाजनगरच्या भूषण सौ. कुसुमताई साळवे यांची एमएस्सी नर्सिंगसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो भाचीच्या लग्नातला, शेजारी माझ्या नणंदेचा अर्धा गाल. खाली शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले दहा-बारा चेहरे, सगळे माझ्या फोटोपेक्षा मोठे. मी अजून फॉर्मसुद्धा भरला नव्हता. प्रकाशनी त्यांच्या एका मित्राला सहज बोलता बोलता सांगितलं होतं, मित्राचा पुतण्या नगरसेवकाच्या निवडणुकीच्या तयारीत होता आणि त्याला फ्लेक्स लावायला निमित्त पाहिजे होतं.

मी तणतणत घरात शिरले. प्रकाश म्हणाले, त्यांनी 'बसणार आहे' असं सांगितलं होतं, त्या पोरानं 'बसली' असं ऐकलं आणि 'निवड झाली' असं छापलं. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला, तो आता आमच्या कुलरवर झाकण म्हणून आहे. पण उतरवून काय उपयोग? किराणा दुकानदारानं हात जोडले. शेजारच्या काकूंनी विचारलं की आता तुम्हाला डॉक्टर म्हणायचं का. मी नाही नाही म्हणत राहिले, तेवढ्यानं माझा साधेपणाही गाजला. मागं फिरायची वाट त्या फ्लेक्सनं बंद केली.

शेवटी आईला फोन केला. ती देवगावला भावाकडं असते. आमच्या वस्तीत, विहारातल्या प्रत्येक बैठकीत पोरींच्या शिक्षणाचं बोललं जायचं, आणि आई ते ऐकत सगळ्यात पुढं बसलेली असायची. स्वतः तिला सहीपुरतं येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "नापास झाली त पेपरात येतं का?"

मी म्हटलं, नाही येत.

"मंग बस," ती म्हणाली आणि फोन भावाकडं दिला.

अभ्यास वॉर्डातच झाला. दुपारची जेवणं झाली, औषधं वाटून झाली की थोडा निवांतपणा मिळतो. त्या वेळात गुरुजींनी शाळा सुरू केली. पल्लवीनं दिलेले प्रश्नसंच त्यांनी मोबाइलवर मागवून घेतले. प्रश्न इंग्रजीत, विषय त्यांच्या सात पिढ्यांत कुणी न वाचलेला, पण उत्तरं खाली छापलेली असल्यामुळं त्यांचं काही अडत नव्हतं. दोरीला लटकलेल्या पायानिशी ते खणखणीत आवाजात प्रश्न वाचायचे आणि माझं उत्तर चुकलं की जीभ टाळ्याला लावून असा आवाज करायचे की पलीकडच्या पलंगावरच्या माणसाला आपलंच काही चुकलं असं वाटायचं. उत्तर उभं राहून द्यायचं, असा नियम होता. मी तशी उभीच असायचे, हातात ड्रेसिंगची ट्रॉली. बसले की मात्र रागवायचे.

याचा परिणाम भलताच झाला. मला पाठ व्हायच्या आधी वॉर्डाला पाठ झालं. एक दिवस मोठ्या सरांचा, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांचा, राउंड होता. त्यांनी एका विद्यार्थिनीला विचारलं की खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटचा पाय कसा दिसतो. ती पोरगी घाबरून माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात तीन-चार पलंगांवरून एका सुरात उत्तर आलं, "आखूड आणि बाहेर वळलेला." सर थांबले, त्यांनी वॉर्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चार्टमध्ये डोकं घातलं. विरोधी तटाचे असूनही सलीमभाईंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

परीक्षेच्या दिवशी सेंटरवरच्या वॉचमननं मला अडवलं आणि पालकांनी झाडाखाली थांबायचंय असं सांगितलं. मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं ते वाचलं, फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, पोरीला स्वतः यावं लागेल. मीच ती पोरगी हे त्याला पटवण्यात माझा निम्मा धीर खर्च झाला. आत गेल्यावर अंगठा घ्यायचं मशीन. ते माझा अंगठाच घेईना. जन्मभर स्पिरिट आणि साबण लावून लावून बोटांवरच्या रेषा पुसत गेलेल्या. मशीनवरची मुलगी म्हणाली, आंटी, नीट ठेवा. मी एकेक करून सगळी बोटं ठेवली. मागं रांग खोळंबलेली, सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि त्यातल्या एकीनं पर्समधून क्रीम काढून माझ्या बोटाला चोळलं. डाव्या अंगठ्यावर शेवटी मशीन राजी झालं. पेपरात काय विचारलं होतं ते आज आठवत नाही, त्या क्रीमचा वास आठवतो.

निकाल लागला. माझा नंबर लागला, आणि लागला तो आमच्याच कॉलेजात. वॉर्डानं पेढे मागितले, साखरवाल्या पेशंटांनी सगळ्यात आधी. पण मला रात्रभर झोप नाही, कारण आता सगळं खरं झालं होतं. तोपर्यंत मी परीक्षेला बसत होते. शिकायला जाणार आहे असं मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मेट्रन मॅडमनी बोलावलं. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, असिस्टंट मेट्रनची जागा रिकामी होतेय, ती तुमच्यासाठी धरली होती. शिकायला गेलात तर नोकरी राखून ठेवू, पण ती जागा आणि वॉर्ड राखता येणार नाही. आणि डिग्री घेऊन याल तेव्हा रिटायरमेंटला उरतील किती वर्षं, तेही बघा. त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी वॉर्डात परत आले आणि कपाटाच्या किल्ल्या हातात घेऊन उगीच उभी राहिले. तो वॉर्ड मी घडवला होता. कुठला पलंग करकरतो, कुठल्या खिडकीतून ऊन पेशंटच्या डोळ्यावर येतं, हे मला ठाऊक होतं. कॉलेजात मला काय ठाऊक असणार होतं? सीट पक्की करायची मुदत जवळ आली तरी मी काहीच करत नव्हते. पल्लवीचा फोन आला की ड्रेसिंग चालू आहे म्हणायचे.

आणि नेमकं त्याच दिवसांत गुरुजींनी उभं राहायला नकार दिला.

त्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. सरांनी सांगितलं, आता वॉकर घेऊन उभं करा. बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे झालं. आमच्याकडं खरी लढाई इथून पुढं असते. म्हातारा माणूस खाटेवर पडून राहिला की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. हाड जुळतं आणि माणूस जातो, असं मी पाहिलेलं आहे. म्हणून आम्ही त्यांना लवकरात लवकर पायावर उभं करतो. पण गुरुजी रोज नवं कारण सांगायचे. एक दिवस अमावस्या. एक दिवस डोकं जड. एकदा म्हणाले, आज मुलगा येणार आहे, त्याच्यासमोर. मुलगा आला तर म्हणाले, पोराच्या देखत नको. फिजिओथेरपिस्ट कंटाळून गेला.

मी चिडले होते. वॉकर पलंगाला लावून मी त्यांना जरा तोडूनच बोलले की गावाला शिस्त लावणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. गुरुजी नेहमीसारखं ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "कुसुम, परत पडलो तं?"

त्यांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. सत्काराची गोष्ट ते स्वतःच हसून हसून सांगायचे, पण पाय हवेत गेल्यानंतर खाली आदळेपर्यंत त्यांना काय वाटलं असेल, ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मी पलंगाच्या कडेला टेकले. वॉर्डात पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हा नियम मीच घातलेला. मी म्हणाले, "गुरुजी, मला पण तेच वाटतंय. या वयात पडले तर?"

शेजारच्या पलंगावरून सलीमभाई म्हणाले, "दोनों खुद डर रहे, और दिनभर भाषण मेरेकू."

गुरुजींना हसू आलं, मग मलाही. त्यानंतर वाटाघाटी सुरू झाल्या. मी म्हटलं, तुम्ही उभे राहा, मी सीट पक्की करते. गुरुजी म्हणाले, आधी तू कर. मी म्हटलं, आधी तुम्ही. निकाल सलीमभाईंनी दिला. दोन्ही एकाच वेळी. गुरुजींचा पाय फरशीला लागला की सिस्टरचं बोट मोबाइलला लागलं पाहिजे.

अडचण अशी होती की पेशंटला पहिल्यांदा उभं करताना सिस्टरचे दोन्ही हात त्याच्या कमरेला लागतात. मोबाइल धरायचा कुणी? म्हणून कॉलेजच्या प्रवेशाचं पान उघडून मी तो सलीमभाईंच्या हातात दिला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं फिजिओथेरपिस्ट. सगळा वॉर्ड उशीवरून मान वर करून बघतोय. गुरुजींनी डोळे मिटले, वॉकर घट्ट धरला, आणि हिसका देऊन उठले. पाय फरशीला लागले. त्यांचं सगळं अंग कापत होतं, ते माझ्या हातांना कळत होतं.

"दाबूं क्या?" सलीमभाईंनी विचारलं.

त्या क्षणी मी नाही म्हणू शकत होते. कुणी माझा हात धरला नव्हता, उलट माझेच हात गुंतलेले होते. मी गुरुजींच्या पायांकडं बघितलं. सुजलेले, पांढरे पडलेले, पण उभे.

"दाबा," मी म्हटलं.

विरोधी तटाच्या पुढाऱ्यानं बटण दाबलं. आणि मग म्हणाले, "सिस्टर, ओटीपी पूछ रहा."

फॉर्म भरताना नंबर प्रकाशचा दिला होता. ओटीपी बजाजनगरला गेला. सलीमभाईंनी माझ्याच फोनवरून प्रकाशना फोन लावला, स्पीकरवर. प्रकाश भाजी आणायला गेलेले. त्यांना आधी ओळख पटेना की बायकोच्या फोनवरून हा कोण बोलतोय. मग चष्मा सापडेना. मग त्यांनी बाजारात उभं राहून, मेथीवालीच्या ओरडण्यात, गॅसच्या बुकिंगचा जुना ओटीपी वाचून दाखवला. तो चुकला. पुन्हा नवा मागवला. या सगळ्या वेळात गुरुजी उभे होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं, बसवूया. गुरुजी म्हणाले, "थांबा हो, तिचं होऊ द्या." आणि वॉकर जरा पुढं सरकवून स्वतःच एक पाऊल टाकलं, कारण सलीमभाईंच्या हातातला स्क्रीन त्यांना तिथून नीट दिसत नव्हता. दुसरं पाऊलही टाकलं. मग सलीमभाईंनी आकडे टाकले आणि फोन वर धरला. सीट पक्की झाली होती. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या, ज्यांचे हात प्लास्टरमध्ये होते त्यांनी पलंग बडवले.

गुरुजी पुढं काठी घेऊन घरी गेले. अजून हिंडतात. सलीमभाईंची बिर्याणी नव्या इन्चार्जनं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद केली, याबद्दल ते मला रिक्षात बसवून ऐकवतात.

कॉलेजातली दोन वर्षं मजेची होती असं मी म्हणणार नाही. पल्लवी वर्गात आली की मी उठून उभी राहायचे. ती अवघडायची, मी अवघडायचे. शेवटी हजेरी घेताना तिनं पहिल्यांदा नुसतं 'कुसुम साळवे' म्हटलं आणि आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पेशंटशी संवाद कसा साधावा, या प्रात्यक्षिकात मला वर्गात सगळ्यात कमी मार्क पडले. मी पेशंटला 'गप झोपा' म्हटलं होतं. तो गप झोपलाही होता, पण त्याला मार्क नसतात. प्रबंधाचा विषय निवडताना मात्र वेळ लागला नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना उभं राहायची वाटणारी भीती. त्यासाठी मी कितीतरी म्हाताऱ्यांशी बोलले. त्यांना भीतीबद्दल विचारलं की ते आधी नाही म्हणायचे आणि मग खूप वेळ बोलत राहायचे. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं उठा म्हणत आले होते. वॉर्डात असताना बोलायला वेळ नव्हता हे खरं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं.

घरी प्रकाशनी स्वयंपाक हातात घेतला. माझ्यापेक्षा बरा करतात, हे मी इथं लिहून टाकते म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही. असिस्टंट मेट्रनची जागा माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीला मिळाली. तिच्या टेबलावरची पाटी दिसली की अजून आत कुठंतरी टोचतं. जवळपास रोज दिसते.

डिग्री मिळाली आणि मी कॉलेजात रुजू झाले. पहिल्याच महिन्यात विद्यार्थिनींना घेऊन माझ्या जुन्या वॉर्डात गेले. अंगात नवा पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, मागं पोरींची रांग. पलंग नवे आले होते, करकरत नव्हते. खिडकीला पडदा लागला होता. मी एका पलंगापाशी उभी राहून ट्रॅक्शन समजावत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर."

मी झटकन वळले. कोपऱ्यातल्या पलंगावर एक म्हातारे शेतकरी होते, मांडीला प्लास्टर. त्यांनी माझा कोट बघितला, मागची रांग बघितली आणि ओशाळले.

"तुमाला नाय मॅडम," ते म्हणाले. "सिस्टरला बोलावलं."

त्या वॉर्डात मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. मला अभिमान वाटायला पाहिजे होता. मी सिस्टर कुठं आहे ते बघितलं. नवी इन्चार्ज दुसऱ्या टोकाला एका पेशंटला ऑपरेशनला पाठवण्यात गुंतली होती. म्हाताऱ्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांचं काम थांबण्यासारखं नाही, आणि ते एवढ्या पोरींसमोर, मॅडमना सांगण्यासारखंही नाही.

मी पोरींना पलंगाभोवतीचा पडदा ओढायला सांगितलं. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि बेडपॅन घेऊन आले. बाबांना म्हटलं, चांगला पाय दुमडा, माझ्या खांद्याला धरा आणि कंबर उचला. त्यांनी उचलली. मग पडद्याबाहेर येऊन मी पोरींना सांगितलं की तास इथूनच सुरू होतोय, हात धुऊन या.